एका ताटातला वारस

मराठ्यांच्या इतिहासातील वारसायुद्धे आपण बहुधा तलवारीच्या भाषेत वाचतो. कोण कोणत्या लढाईत जिंकला, कोणता सरदार कोणाकडे फितला, कोणता किल्ला कोणाच्या हाती गेला, ह्यातच सातारा आणि कोल्हापूर ह्या दोन गाद्यांची कथा संपते. पण लढाईच्या आधी एक प्रश्न उभा असतो : समोर उभा आहे तो खरोखर वारस आहे काय? बखरकारांना हा प्रश्न नेमका ठाऊक होता आणि त्यासाठी त्यांच्यापाशी एक बोचरा शब्द होता : 'तोतया'. दोन राजसत्तांच्या झगड्यात प्रतिपक्षाला पराभूत करण्यापेक्षा त्याला तोतया ठरविणे अधिक उपयोगाचे असते, कारण पराभूत राजा पुन्हा उठू शकतो, तोतया उठू शकत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर अठराव्या शतकातील मराठी समाजाने दोनदा एकाच पद्धतीने शोधले आणि दोन्ही वेळा त्यात नागपूरकर भोसल्यांचे घराणे पुढे होते. नागपूर-कळमेश्वर परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सातारा-कोल्हापूर वाद हा दूरच्या पश्चिम महाराष्ट्राचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्या वादातील सर्वांत नाट्यमय पुरावा आपल्याकडच्या सरदारांनी दिला आणि मागितला आहे.

संभाजी महाराजांचा पुत्र शाहू १६८९ मध्ये रायगडावर मोगलांच्या हाती लागला तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. पुढची सुमारे सतरा-अठरा वर्षे त्याने औरंगजेबाच्या छावणीत काढली. दरम्यान राजाराम महाराजांचा १७०० मध्ये मृत्यू झाला आणि ताराबाईने आपल्या शिवाजी ह्या मुलाच्या नावाने राज्य चालविले. औरंगजेबाशी तिने दिलेली झुंज लक्षात घेतली तर राज्य आपण राखले, तेव्हा ते आपल्या मुलाचे, हा तिचा दावा पोकळ म्हणता येणार नाही. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू सुटला आणि नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे निघाला. ताराबाईने तत्काळ जाहीर केले की येणारा शाहू नव्हेच, तो तोतया आहे.

ह्या आरोपाची ताकद आज आपल्याला सहज जाणवत नाही. सात वर्षांचा मुलगा पंचविशीचा होऊन परत येतो तेव्हा त्याचा चेहरा कोण ओळखणार? छायाचित्र नाही, ठसा नाही. अशा वेळी पारसोजी भोसले खानदेशात शाहूला येऊन मिळाला आणि परंपरा सांगते, की सर्वांच्या देखत त्याच्याबरोबर एका ताटात जेवला. पारसोजी वऱ्हाडातला मातब्बर सरदार. तोतयाबरोबर, म्हणजे ज्याच्या कुळाचा ठावठिकाणा नाही अशा माणसाबरोबर, एका ताटात जेवणे म्हणजे स्वतःची जात आणि घराण्याची अब्रू पणाला लावणे. पारसोजीने घास घेतला त्या क्षणी शाहूचे खरेपण ही शाहूची एकट्याची गोष्ट राहिली नाही. शाहू खोटा ठरला तर पारसोजीही बाटणार होता. पुरावा म्हणून ह्याहून भक्कम काय असू शकते?

ताराबाईनेही आपल्या सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या होत्या, असे सांगितले जाते. म्हणजे दोन्ही पक्षांची साक्ष अन्नावरच होती. पुढे १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूकडे वळला आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला. ताराबाईने पन्हाळ्यास वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये तिच्याच दरबारात उलथापालथ होऊन राजसबाईचा मुलगा संभाजी त्या गादीवर आला, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने उत्तरेस सातारा, दक्षिणेस कोल्हापूर अशी वाटणी कायम झाली. शिवछत्रपतींचे एक राज्य, दोन छत्रपती.

ताटाचा दुसरा प्रसंग त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी घडला. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारला. ताराबाई तेव्हा साताऱ्यातच होती. तिने शाहूच्या हयातीतच सांगून ठेवले होते की आपला एक नातू, शिवाजीचा मुलगा, लहानपणापासून लपवून वाढविला आहे. तो रामराजा. पुन्हा तीच अडचण : कोणीही न पाहिलेला मुलगा, आणि साक्षीदार एकच. शाहूची राणी सकवारबाई त्याला तोतया म्हणत होती. पेशवा बाळाजी बाजीराव त्याला गादीवर बसवू पाहत होता. तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्याने एक अट घातली, ती ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदविली आहे. ताराबाईने मराठ्यांच्या देखत रामराजाबरोबर जेवावे आणि त्या अन्नावर शपथ घेऊन हा आपला नातू असल्याचे सांगावे. ताराबाईने तसे केले.

रघूजी पारसोजीच्याच घराण्यातला. चाळीसएक वर्षांपूर्वी आपल्या घराण्याने जो पुरावा दिला, तोच त्याने आता ताराबाईकडून मागितला. ह्यातील उपरोधही विसरता येत नाही. १७०७ मध्ये जिने ताटाचा पुरावा नाकारला, तिलाच १७५० मध्ये त्या ताटावर बसावे लागले.

आणि मग तो पुरावा मोडला. रामराजा आपल्या मुठीत राहत नाही हे दिसताच ताराबाईने नोव्हेंबर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच असे सांगू लागली. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तिने तशी शपथही घेतली. अन्नावरची एक शपथ आणि देवासमोरची एक शपथ, दोन्ही एकाच मुखातल्या, एकमेकींच्या विरुद्ध. त्यांतली खरी कोणती ह्यावर वाद घालता येईल, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. काहीच घडले नाही. रामराजा १७७७ मध्ये मरेपर्यंत छत्रपती राहिला. त्याच्या नावाने वस्त्रे गेली, शिक्के उमटले. त्याच्या खरेपणाचा निर्णय कोणाला लागतच नव्हता, कारण कारभार पुण्यास चालत होता. वारस खरा आहे की नाही हे विचारण्याची गरज सत्तेलाच उरली नाही, तेव्हा ताटही निरर्थक झाले.

येथे दूरच्या एका राज्याची आठवण उद्बोधक ठरते. चौदाव्या शतकात जपानमध्येही दोन सम्राट आणि दोन दरबार होते. सम्राट गो-सागाच्या दोन मुलांपासून निघालेल्या शाखा आळीपाळीने गादीवर येत. १३३६ मध्ये आशिकागा ताकाउजीने क्योतोत एका शाखेचा सम्राट बसविला आणि दुसऱ्या शाखेचा गो-दाइगो योशिनोच्या डोंगरात निघून गेला. उत्तर आणि दक्षिण असे हे दोन दरबार १३९२ पर्यंत टिकले. तेथील पुरावा होता आरसा, तलवार आणि रत्न ह्या तीन राजचिन्हांचा. गो-दाइगोचे म्हणणे असे की उत्तरेकडे दिलेली चिन्हे खोटी, खरी आपल्यापाशीच आहेत. म्हणजे तेथे तोतया ठरली ती माणसे नव्हेत, वस्तू. ही चिन्हे कोणी उघडून पाहत नसे, त्यांचे सामर्थ्य झाकलेले असण्यात होते. आपल्याकडच्या ताटाचे सामर्थ्य नेमके उलट, चारचौघांनी पाहण्यात. पण शेवट सारखाच. १३९२ मध्ये दक्षिणेने आळीपाळीच्या वचनावर चिन्हे सोपविली आणि ते वचन पाळले गेले नाही. १९११ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकांवरून वाद उठला, तेव्हा राज्य करणारा सम्राट उत्तरेच्या वंशातला असूनही दक्षिण दरबार खरा, असे ठरविण्यात आले. कोणती चिन्हे खरी हे शेवटी सत्तेने सांगितले.

नागपूरलाही हे सत्य फार काळ चुकले नाही. पहिला रघूजी १७५५ मध्ये वारला. त्याच्या मुलांपैकी जानोजी वयाने मोठा, मुधोजी थोरल्या राणीचा, आणि भांडण पुण्यास गेले. १७७२ मध्ये जानोजी वारला. मुधोजीचा मुलगा रघूजी ह्याला त्याने दत्तक ठरविले होते, पण भाऊ साबाजीने सेनासाहेबसुभ्यावर हक्क सांगितला आणि जानोजीची विधवा दर्याबाई काही काळ त्याच्या बाजूस राहिली. पुण्यात राघोबादादा आणि बारभाई असे तट पडले होते. एका पदाचे दोन दावेदार आणि दोघांच्या पाठीशी पुण्याचा एकेक पक्ष. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी हत्तीवरून मुधोजीला शरण यायला सांगत जवळ आला आणि मुधोजीने पिस्तुलाने त्याला ठार केले. ज्या घराण्याने वारस ठरवायला ताट मांडले, त्या घराण्याचा वारस गोळीने ठरला.

शेवटचा अंक डलहौसीच्या काळातला. सातारा १८४८ मध्ये खालसा झाले. तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारला. त्याने हयातीत दत्तक घेतला नव्हता, आणि राजवाड्यातील बायकांनी पुढे केलेला यशवंतराव कंपनी सरकारने वारस मानला नाही. धार्मिक विधी, भाऊबंदांची संमती, बाकाबाईसारख्या वृद्ध राणीचा शब्द, हे सगळे एकेकाळी पुरेसे होते. आता गव्हर्नर जनरलची मंजुरी हवी होती. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. ह्यात इंग्रजांचे तर्कशास्त्र नवे होते, पण एका अर्थी ते जुनेच होते : ज्याला कोणाचीही साक्ष लागत नाही, तोच इतरांची साक्ष नाकारू शकतो. आणखी एक गंमत अशी, की वारणेच्या तहात धाकटी ठरलेली कोल्हापूरची गादी १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली, जिंकलेली साताऱ्याची मात्र शंभर वर्षे आधीच गेली.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्या साऱ्यातून काय घ्यावे? बखरीतील एका ताटात जेवण्याचा प्रसंग आपण रंजक आख्यायिका म्हणून बाजूला सारतो आणि तहांच्या तारखा इतिहास म्हणून पाठ करतो. पण तो प्रसंग त्या समाजाच्या प्रमाणशास्त्राचा दस्तऐवज आहे. रक्त कोणाला दिसत नाही. दिसते ते कोण कोणाबरोबर बसले, कोणी कोणाच्या ताटात हात घातला. वारसाचे खरेपण त्याच्या देहात नव्हते, ते त्याच्यासाठी स्वतःची अब्रू गहाण टाकणाऱ्यांत होते. पारसोजीने ती टाकली म्हणून शाहू शाहू ठरला. रामराजासाठी ताराबाईने ती टाकली आणि परत उचलली, म्हणून तो आयुष्यभर छत्रपती राहूनही इतिहासात अर्धवट उभा आहे. रामराजा खरा होता की खोटा, हा वाद कदाचित मिटणारही नाही. परंतु ज्या समाजाला हा प्रश्न एका ताटाभोवती बसून सोडवता येईल असे वाटत होते, त्या समाजाला समजून घेतल्यावाचून आपली बखर वाचून पुरी होत नाही.