देणें फेडण्याचे शब्द

इंग्रजी राज्याबरोबर आमच्या व्यवहारांत देण्याघेण्याचे जे शब्द आले, ते कोणत्या वाटेनें आले हें पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. समन्स, नोटीस, डिक्री, स्टँप हे तगाद्याचे शब्द खेड्यापाड्यांत रुळले. देणें पुरें झालें असें सांगणारा इंग्रजी शब्द मात्र मराठीनें सहसा उचलला नाहीं. तेथें आमचें 'फेडणें' आणि 'चुकतें करणें' हेंच टिकलें. आम्हांस हा निव्वळ योगायोग वाटत नाहीं.

इंग्रजींतील 'पे' हें क्रियापद शांत करणें या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गें आलें. पैसे देणें म्हणजे धनकोस शांत करणें. 'क्विट' याचें मूळही स्वस्थ, निवांत असेंच आहे. आणि 'मॉर्गेज' म्हणजे तर शब्दशः मेलेलें तारण! आमच्या 'फेडण्या'ची जात निराळी. आम्ही वस्त्र फेडतों, नवस फेडतों, आईबापांचे पांग फेडतों. अंगाभोंवतीं जें गुंडाळलें गेलें तें सोडवितों. सावकार शांत झाला कीं नाहीं हा प्रश्न येथें नाहीं. मोकळा होतो तो ऋणको. अरबी-फारसींतून आलेले शब्द मात्र दप्तरदाराचे. 'बेबाक' म्हणजे बाकी न उरलेला आणि 'वसूल' म्हणजे पोंचलेला. मौज अशी कीं आमची 'पावती'ही पोंचणें या अर्थाच्या 'पावणें' यांतूनच झाली.

या शब्दांचा जुना पुरावा पाहण्यास नाशिककरांस दूर जावें लागत नाहीं. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील मानला जाणारा लेख आहे. त्यानें भिक्षूंसाठीं 3,000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. एकीकडे 2,000, दरमहा शेंकडा एक व्याजानें, आणि दुसरीकडे 1,000, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज 240 होतें. वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकी बारा, हा लेखांतील हिशेब त्याशीं तंतोतंत जुळतो. व्याजास तेथें 'वधि' म्हटलें आहे. धान्याच्या 'वाढीदिढी'तली आमची वाढी ती हीच. 'पायून' हा शब्द तर आमचा पाऊणच. परंतु सर्वांत लक्षांत घेण्याजोगा शब्द 'अपडिदातवा', म्हणजे परत न द्यावयाचे. मुद्दल कधींच फेडावयाचें नाहीं, फक्त वाढ भोगावयाची, हें नगरसभेत ऐकवून, दप्तरांत नोंदवून दगडावर कोरलें. ऋणकोस ज्याची धास्ती नाहीं असें हें देणें होय.

पुढें मुद्दल न फिटणें हीच शेतकऱ्यावर आपत्ति ठरली. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाची फिर्याद लावण्याचा काळ सामान्यतः 3 वर्षांवर आणला. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा, फळ उलटें! सावकार मुदत भरत आली कीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें निशाणीचा आंगठा उठवावा आणि कोर्टानें कागद बोलेल तें खरें मानावें. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा उसळला, तेव्हां लोकांचा रोंख माणसांपेक्षां खतांवर आणि रोख्यांवर होता. कागद जळला कीं देणें फिटलें अशी त्यांची समजूत; आणि कागदानेंच बांधलेल्या माणसाची ती समजूत आम्हांस वेडगळ वाटत नाहीं. 1879 च्या कायद्यानें सावकारावर पावती देण्याचें बंधन घातलें, हें अगोदरच व्हावयास हवें होतें.

पेढीवाल्यांच्या वाट्यास अशी नामुष्की आली नाहीं. हुंडी वटत असे, तसा पुढें चेकही वटूं लागला. परक्या कागदास क्रियापद घरचेंच मिळालें. पैसे दिल्यावर हुंडीचा खोखा होई, हरवलीच तर तिची पेठ आणि तीही हरवली तर परपेठ निघे.

नाशिकरोडच्या चलनी नोटांच्या छापखान्यांत 1928 पासून नोटा छापल्या जाऊं लागल्या. दहा रुपयांच्या नोटेवर धारकास दहा रुपये अदा करण्याचें वचन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपल्या सहीनें देतात. हिंदी मजकुरांतही 'अदा' हाच दप्तरी शब्द आहे. मात्र एक रुपयाची नोट सरकारची, तिच्यावर वित्तसचिवांची सही असते, आणि कोणास कांहीं देण्याचें वचन तिच्यावर छापलेलें नसतें.