नाडी आणि दूरध्वनी

पैनगंगेकाठच्या या मेहकरात शार्ङ्गधर बालाजीचे नाव ठाऊक नाही, असा मनुष्य विरळा. वैद्यकाच्या इतिहासातही एक शार्ङ्गधर होऊन गेला. दोघांचा संबंध केवळ नावापुरता. परंतु नाडीपरीक्षेचे सविस्तर विवेचन करणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथांत त्याच्या ‘शार्ङ्गधरसंहिते’चे स्थान मोठे आहे. रोग्याचा हात हाती घ्यावा आणि मग बोलावे, ही आपल्याकडील उपचाराची जुनी रीत. २०२० साली करोनाची साथ आली आणि तोच हात हाती घेणे धोक्याचे ठरले. त्या वेळी घरच्या डॉक्टराने काय केले, ते पाहण्याजोगे आहे.

दूरध्वनी डॉक्टरास नवा नव्हता. परंतु त्यावरून औषध सांगावे की नाही, याविषयी कायदा स्पष्ट नव्हता. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रत्नागिरीचे एक प्रकरण आले. डॉक्टर गावात नसताना दूरध्वनीवरील सूचनेनुसार दाखल करून घेतलेल्या एका स्त्रीचा पुढे मृत्यू झाला होता. निदानावाचून औषधयोजना हा गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा होय, असे मत न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारताना मांडले. डॉक्टर मंडळींच्या मनात धास्ती बसली, यात नवल नाही.

पुढे दोन वर्षे होण्याच्या आतच चक्र फिरले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारची दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली निघाली. नोंदणीकृत डॉक्टरास चित्रसंवादाने, आवाजाने किंवा लेखी संदेशाने सल्ला देण्याची मुभा मिळाली. सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर धाडणेही नियमात बसले. १३ एप्रिल २०२० पासून ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही सरकारी सेवा घरबसल्या मिळू लागली. पुढे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघर पोहोचला. तांबड्या व अवरक्त प्रकाशाने, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. साथ ऐन भरात येत असताना, एप्रिल २०२० मध्ये, ते निवर्तले. १५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पथके हेच यंत्र घेऊन दारोदार फिरली. नाडी पुन्हा बोटापाशीच आली. फक्त मधे यंत्र आले.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या नियमावलीने ओळखीचा रोगी आणि प्रथमच येणारा रोगी यांत भेद केला. काही औषधे अनोळखी रोग्यास चित्रसंवादाने पाहिल्यावरच देता येत. काही केवळ पूर्वी समक्ष तपासलेल्या रोग्यास त्याच आजारासाठी. आणि मादक द्रव्ये तर मुळीच नाहीत. आम्हांस हा भेद फार मार्मिक वाटतो. कारण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ‘जरा बरे वाटत नाही’ एवढे शब्द दूरध्वनीवर आले, तर त्यांचा अर्थ माणसागणिक बदलतो. कोण लहानशा तापाचा डोंगर करतो, आणि कोण छाती भरून आली तरी ‘काही नाही’ म्हणतो, हे घरच्या डॉक्टरास वर्षानुवर्षांच्या भेटींतून कळलेले असते. यंत्र प्राणवायूचा आकडा सांगते; तो सांगणारा मनुष्य कोणता, हे सांगत नाही.

तेव्हा साथीत दूरध्वनी उपयोगी पडला, त्यात यंत्राइतकेच श्रेय आधीच्या परिचयाला आहे. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, किंवा ज्या म्हाताऱ्या माणसास तो हाताळता येत नव्हता, त्याच्या वाट्याला हे साधन आलेच नाही, हेही विसरून चालणार नाही. साथ ओसरली तरी सोय राहिली आहे, आणि ती राहावी. अहवाल दाखविण्यासाठी खेड्यातून एस.टी.ने दिवस मोडून येणे वाचत असेल, तर कोण नको म्हणेल? परंतु परिचय हे साठविलेले धान्य आहे. नुसते काढीत गेलो आणि समक्ष भेटीने भर घातली नाही, तर पुढच्या साथीच्या वेळी कणगी रिकामी सापडेल. ती भरलेली ठेवणे डॉक्टरांच्या हाती जितके आहे, तितकेच तुमच्याआमच्याही हाती आहे.