मोडलेल्या डावाचा न्याय

सभ्य गृहस्थांपुढे जुगाराच्या पटावरून शास्त्राला आरंभ करणे शोभत नाही हे मी जाणतो. पण संभाव्यतेच्या गणिताची जन्मकथाच तशी आहे, त्याला माझा इलाज नाही. फाशांचा नाद आपल्याकडेही जुनाच. महाभारतात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखवितो आणि नळाला अक्षविद्या देतो. मोजणीचा आणि द्यूताचा काही संबंध आहे, एवढे त्या कथाकाराला उमगले होते. नियम मात्र त्याने सांगितले नाहीत. इटलीत कार्डानो नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात फाशांवर एक पुस्तक लिहिले, पण ते छापून निघाले १६६३ साली. तोपर्यंत फ्रान्समधील दोघांनी पत्रांतून या शास्त्राचा पाया घालून टाकला होता.

प्रश्न होता मोडलेल्या डावाचा. दोघे खेळाडू प्रत्येकी ३२ मोहरा लावून बसले आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सगळ्या ६४ न्यावयाच्या. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि काही कारणाने खेळ थांबला. आता पैसे वाटावयाचे कसे? १४९४ साली पाचोली या गणितज्ञाने सांगितले की जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटा. वरवर हे रास्त वाटते. पण एकच डाव होऊन खेळ मोडला, तर या हिशेबाने पहिल्याला सर्व आणि दुसऱ्याला शून्य! तार्ताल्याने १५५६ मध्ये हे व्यंग दाखविले आणि म्हटले की हा प्रश्न गणिताचा नसून न्यायाधीशाचा आहे. गंमत अशी, की पुढे तो सोडविणाऱ्या दोघांपैकी फर्मा हा तुलूझच्या न्यायसभेतलाच अधिकारी होता! दुसरा पास्काल, पॅरिसचा, वय ३१. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

१६५४ च्या जुलैत पास्कालने मांडलेली रीत अशी. मागे काय झाले ते विसरा, पुढे काय होऊ शकते ते पाहा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४ मिळतील. हरला तर बरोबरी होऊन ३२. म्हणजे ३२ त्याच्या खिशात पडल्यासारख्याच. वादातल्या उरल्या ३२, त्यांत दोघांचा सारखा हक्क. तेव्हा पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६.

फर्माची वाट निराळी. आणखी फार तर दोन डाव लागतील. त्यांचे निकाल चार प्रकारांनी लागू शकतात: दोन्ही पहिल्याचे, एक पहिल्याचा, मग दुसऱ्याचा, एक दुसऱ्याचा, मग पहिल्याचा, दोन्ही दुसऱ्याचे. चारांपैकी तिहींत पहिला जिंकतो. ६४ च्या तीन चतुर्थांश म्हणजे ४८. वाटा दोन, उत्तर एक. पास्कालला याचाच फार आनंद झाला.

पण रोबेर्व्हाल नावाच्या प्राध्यापकाने हरकत घेतली. पहिला डाव जिंकताच खेळ संपला, मग न खेळलेला दुसरा डाव मोजता कशाला? ही शंका मूर्खाची नव्हे. शंभर वर्षांनी, १७५४ साली, दालांबेरसारखा थोर गणिती ज्ञानकोशात लिहून बसला की दोनदा नाणे उडविले असता निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश. कारण पहिल्यांदाच छापा, नंतर छापा, आणि मुळीच नाही, असे प्रकार तीनच. प्रकार तीन खरे, पण ते समान वजनाचे नाहीत! पहिल्यांदाच छापा पडणे निम्म्या वेळा घडते, बाकीचे दोन प्रत्येकी चतुर्थांश. बेरीज तीन-चतुर्थांश. अनुकूल प्रकारांना एकूण प्रकारांनी भागा, हे सूत्र शाळकरी मुलगाही घोकील. सर्व प्रकार सारखेच संभवनीय आहेत ना, हे आधी विचारणे कठीण.

दुसरा नियम गुणाकाराचा. द मेरे नावाच्या एका सरदाराला कोडे पडले होते. एक फासा चारदा टाकून एकदा तरी सहा पाडण्याची पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीसदा टाकून जोड-सहा पाडण्याची पैज तोट्याची का? सहाला चार, तर छत्तीसला चोवीस, हे प्रमाण तर बरोबर जुळते. त्याने चक्क अंकगणितावरच दोषारोप केला. उत्तर सापडते ते सहा न पडण्याची बाजू मोजून. एका टाकीत ती ५/६. चार टाकींत हीच संख्या चारदा गुणावयाची, म्हणजे ६२५/१२९६. जिंकण्याकडे उरले ६७१, अर्ध्याहून थोडे अधिक. जोड-सहाच्या पैजेत ३५/३६ चोवीसदा गुणले तर हरण्याकडेच सुमारे ५१ टक्के जातात. हा गुणाकार चालतो, कारण फाशाला आठवण नसते. मागच्या टाकीचा पुढच्या टाकीशी संबंध नाही.

संबंध असला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत, २८ जानेवारी १९८६ या दिवसाकडे यावे लागते. चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सात माणसे गेली. अग्निबाणाच्या सांध्यांत रबराची दोन कडी होती. एक निकामी झाले तर दुसरे तारील, असा भरवसा. शंभरांत एक गुणिले शंभरांत एक म्हणजे दहा हजारांत एक, अशा धर्तीचे गणित कागदावर फार गोड दिसते. पण त्या सकाळची थंडी दोन्ही कड्यांना एकच होती. दोन फासे एकाच दोऱ्याने बांधलेले असतील, तर गुणाकार करणारा स्वतःलाच फसवितो. चौकशी समितीतील फाइनमन या शास्त्रज्ञाला आढळले की यान गमावण्याचा धोका प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर शंभरांत एक सांगत होते आणि व्यवस्थापक लाखांत एक. त्या यानांची उड्डाणे २०११ साली थांबली. एकूण उड्डाणे झाली १३५. त्यांपैकी दोन यानांतील माणसे परत आली नाहीत.