तार, उंबरठा आणि ना-हरकत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी प्रकाशतंतूची जोडणी नव्याने घेण्याचा प्रसंग आला. इमारत पुण्यातली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली, चार मजली, उद्वाहन नसलेली. जोडणी करायला आलेल्या तरुणाने जिन्याशेजारच्या डक्टचे गंजलेले दार उघडले आणि तो क्षणभर नुसताच पाहत राहिला. आत तारांचे जंजाळ होते. भिंतीलगत टेलिफोनच्या राखाडी तारा, त्यांच्यावर केबल टीव्हीची जाड काळी केबल, तिला वेढे घालून गेलेली संगणक-जाळ्याची निळी तार आणि सर्वांत वर दोराएवढा बारीक प्रकाशतंतू. "सर, यातली चालू कुठली अन् डेड कुठली?" त्याने विचारले. चाळीस वर्षांच्या आसपास वय असलेल्या त्या इमारतीत निम्म्याहून अधिक काळ राहूनही आम्हाला उत्तर देता आले नाही.

उत्खननात मातीचे थर जसे वरून खाली वाचत जातात, तसे ते डक्ट वाचता येईल असे त्या वेळी वाटले. आंतरजालाचा इतिहास सहसा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: अमुक साली इतके किलोबिट, तमुक साली इतके मेगाबिट. हा क्रम खोटा नाही, पण अपुरा आहे. घरात आलेल्या प्रत्येक तारेला कोणीतरी आत येऊ दिलेले असते. ती परवानगी कोणाकडे होती आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली, हा इतिहास वेगाच्या तक्त्यात दिसत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. वाचक कोण होतो आणि कोण होत नाही, हे बऱ्याचदा त्या उंबरठ्यावरच ठरलेले असते.

सर्वांत खालचा थर टेलिफोनचा, आणि त्याच्याही खाली एक कायदा आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्र उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. त्याच कायद्याच्या दहाव्या कलमाने कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून, खालून वा कडेने तार नेण्याची मुभा तार खात्याला दिली. मालकी मिळणार नाही, केवळ वापराचा हक्क मिळेल, आणि नुकसान होता होईल तो कमी करावे, अशी पुस्तीही जोडली. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी तारायंत्रासाठी केलेला हा कायदा पुढे टेलिफोनला लागू राहिला, आंतरजालालाही लागू राहिला. २०२३ चा दूरसंचार अधिनियम येऊन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागेपर्यंत त्याचेच राज्य होते. गंमत म्हणजे ज्या तारसेवेवरून कायद्याला नाव मिळाले, ती जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कायदा तिच्यामागे दहा वर्षे जगला.

मराठीत 'तार' या शब्दाला धातूचा तंतू आणि निरोप असे दोन्ही अर्थ आहेत. 'तार आली' एवढे शब्द कानी पडताच घरात रडारड सुरू व्हावी, असा एक काळ आमच्या आईवडिलांच्या पिढीने पाहिला. तार उंबरठ्यापर्यंत येई, माणसाच्या हातून. टेलिफोन मात्र तारेसकट घरात आला, आणि त्यासाठी रांग लागली. ही रांग वर्षानुवर्षांची असे. जादा अनामत भरून रांगेत पुढे सरकण्यासाठी 'ओन युवर टेलिफोन' नावाची सरकारी योजनाच होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन देण्याचे वचन दिले. मागेल त्याला न मिळणे ही तोवरची रीत होती, याची ती एका परीने कबुलीच.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजालाची सार्वजनिक सेवा सुरू केली, ती याच राखाडी तारेवरून. ९.६ किलोबिट हा तेव्हाचा घरगुती वेग. केवळ अक्षरे दाखवणारे खाते स्वस्त आणि चित्रे दाखवणारे महाग, अशी प्रतवारी होती. घरी टेलिफोन असणे ही पहिली अट, आणि जाल चालू असताना टेलिफोन बंद राहणे ही तिची किंमत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली तरी तार सरकारचीच राहिली. या पहिल्या थराचा द्वारपाल म्हणजे सरकार. तो दूर होता, मंद होता. पण त्याच्या रांगेला निदान क्रमांक होता.

दुसरा थर काळ्या केबलचा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लीगल्लीत केबलवाला उभा राहिला. त्याने गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर केबल नेली. कोणाला विचारले नाही आणि कोणी अडवलेही नाही. कायदा मागाहून आला. १९९५ च्या केबल नियमन अधिनियमाखाली केबलवाल्याने नोंदणी करायची, ती मुख्य टपाल कार्यालयात. पुढे याच माणसाने निळी तार आणली. तांब्याच्या त्या तारेतून संदेश सुमारे शंभर मीटरच नीट जातो, म्हणून दर दोन-चार इमारतींमागे गच्चीवर एक पेटी बसवावी लागे. त्या इमारतीची वीज गेली की पलीकडच्या चार इमारतींचे जाल जाई. या थराचा द्वारपाल शेजारचाच होता. त्याला रांग नव्हती, पावतीही बहुधा नसे. सण-समारंभाला वर्गणी देणारा आणि देयक थकले तर तार कापणारा माणूस एकच होता.

याच काळात सरकारपुढे एक वेगळी वाट होती. घराघरांत पोचलेली टेलिफोनची तार सरकारी कंपन्यांकडे होती, आणि बोलण्यासाठी तिच्यातील कंपनांचा अगदी खालचा पट्टाच लागतो. वरचा पट्टा मोकळा असतो, त्यावरून जालाची वेगवान वाहतूक होऊ शकते. हा पट्टा इतर कंपन्यांनाही भाड्याने खुला करावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ मध्ये केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्ती स्वीकारली नाही. परस्परसंमतीने करार करावेत, एवढेच म्हटले. किमान २५६ किलोबिट आणि सतत चालू, अशी ब्रॉडबँडची व्याख्या मात्र याच धोरणाने केली. २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट ठेवले. २०१० संपले तेव्हा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. एवढ्यावरून सारा दोष एका निर्णयाला देता येणार नाही. संगणकाची किंमत होती, भाषेची अडचण होती. पण घरात आधीच असलेली तार अनेकांना खुली करण्याची संधी तेव्हा हातची गेली, आणि पुढच्या प्रत्येक कंपनीला आपली नवी तार घेऊन प्रत्येक इमारतीच्या दारात उभे राहावे लागले. आमच्या डक्टमधली गर्दी ही त्या निर्णयाचीही खूण आहे.

या तारांच्या भूगोलाचा मराठी लेखनाशी असलेला संबंध आम्हाला उशिरा उमगला. 'मायबोली' १९९६ मध्ये सुरू झाली ती अमेरिकेतून; 'मनोगत' २००४ मध्ये आले. जालावरच्या आरंभीच्या मराठी लेखनात गावाची, सणांची, आईच्या हातच्या पदार्थांची ओढ इतकी का, असा प्रश्न वर्गात अनेकदा निघतो आणि 'परदेशस्थांचे स्मरणरंजन' म्हणून निकालात निघतो. पण त्या काळी तार होती कोठे? परदेशी विद्यापीठांत, संशोधनसंस्थांत, संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांत. लातूरच्या प्राध्यापकाच्या किंवा चिपळूणच्या शिक्षिकेच्या घरात ती नव्हती. आमच्या ओळखीतल्या कित्येक लिहित्या मंडळींनी पहिले मराठी लेखन टंकित केले ते कचेरीतल्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत. ज्या लेखनाला आपण एका पिढीची अभिरुची समजतो, त्यात त्या पिढीतील कोणाला तार मिळाली होती, हाही एक घटक आहे. मुद्रणाच्या इतिहासात छापखाना कोठे होता हे आपण आवर्जून विचारतो. तोच प्रश्न इथेही विचारायला हवा.

सर्वांत वरचा थर प्रकाशतंतूचा. केसाएवढ्या काचेच्या या तंतूतून प्रकाश धावतो. एकाच तंतूला वाटेत विजेविना चालणारा विभाजक लावून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना तो वाटून देता येतो. तंतू फार वाकवला तर प्रकाश गळतो, म्हणून डक्टमध्ये त्याला सरळ, मोकळी जागा लागते. तंत्र असे उदार, जागा मात्र मोजकी. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी रस्ते आणि सार्वजनिक जागा यांविषयी परवानगीची पद्धत घालून दिली. तार त्यामुळे फाटकापर्यंत सुकर आली. फाटकाच्या आत मात्र गृहनिर्माण संस्थेचे राज्य. जागा संस्थेच्या मालकीची, डक्ट सामाईक, आणि निर्णय व्यवस्थापक समितीचा. १८८५ मध्ये कलकत्त्यात बसलेला द्वारपाल अशा रीतीने सव्वाशे वर्षांत तळमजल्यावर, सूचनाफलकाच्या शेजारी येऊन बसला.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. २०१९ मध्ये आम्ही आमच्या संस्थेचे सचिव होतो. तारांचे जंजाळ वाढले, भिंतीला भोके पडली, पावसात गळती सुरू झाली. समितीने ठराव केला की यापुढे नवी तार केवळ सदनिकाधारकाच्या लेखी अर्जावरच आत येईल. भाडेकरूंचे अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. सूचना आम्ही स्वहस्ते लिहिली. मराठी निर्दोष होते. 'ना-हरकत' मधला छोटा आडवा दंडसुद्धा विसरलो नव्हतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आम्ही घरातून तास घेऊ लागलो. एके सकाळी काही कारणाने दार उघडले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर, खिडकीखालच्या पायरीवर एक मुलगी बसलेली. गुडघ्यावर मोबाइल, मांडीवर वही. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तिघींपैकी ही एक. बाकीच्या दोघी गावी गेलेल्या, हिचे राहून गेले. दुसऱ्या एका महाविद्यालयात, मराठीच्याच एम.ए.ला.

"इथे का बसलीस, बाळ?"

"सर, खोलीत रेंज येत नाही. वायरचं विचारलं होतं, पण भाडेकरूंना सोसायटी परवानगी देत नाही म्हणाले."

तिला ती सूचना कोणी लिहिली हे ठाऊक नव्हते. आम्ही सांगितलेही नाही. आमच्या घरच्या जोडणीचा परवलीचा शब्द कागदावर लिहून दिला. तिने दोनदा आभार मानले. सूचना मात्र फलकावर तशीच राहिली. ती आम्ही मागे घेतली २०२१ च्या सर्वसाधारण सभेत. तोवर मुलगी खोली सोडून गेलेली होती.

परवलीचा शब्द देणे सोपे होते, कारण तो उपकार होता. सूचना काढणे जड गेले, कारण तिथे हक्क मान्य करावा लागला असता. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे आमची सूचना फलकावर लागली त्याच वर्षी, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना आंतरजालाची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले होते. तिथे प्रश्न तारेचा नव्हता, ठरावीक वेळात मोबाइल वापरण्यावरील बंदीचा होता. पण द्वारपाल तोच होता: नियम करणारी, शिस्तीची काळजी वाहणारी, स्वतःला सद्भावी समजणारी माणसे.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, तारेची एवढी महती कशाला? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, आंतरजालाची सोय असलेली कुटुंबे सुमारे २४ टक्के होती: शहरांत ४२, खेड्यांत १५. त्यानंतर चित्र पुष्कळ पालटले, ते मुख्यतः मोबाइलमुळेच. २०२४ च्या अखेरीस देशातील ब्रॉडबँड जोडण्यांपैकी तारेवरच्या जोडण्या शंभरात चार-पाचच होत्या. परंतु मोल्सवर्थचा कोश किंवा मराठी विश्वकोश जालावर उघडून दोन तास शांतपणे संदर्भ पाहणे, सोबत आपले टिपण लिहीत जाणे, हे काम हातातल्या पडद्यावर आणि जिन्याच्या पायरीवर कसे होते, ते आपल्या विद्यार्थ्यांना एकदा विचारावे. प्रबंधांतील संदर्भ का उथळ होत चालले, याची चर्चा करण्यापूर्वी विचारावे.

नवे नियम येत आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत इमारतीतील संदेशवहनाच्या सोयींसाठी स्वतंत्र विभाग आहे. २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने इमारतींना जाल-सोयीनुसार गुणांकन देण्याचे विनियम केले. २०२३ च्या अधिनियमात खासगी मालमत्तेबाबत आधी मालकाशी करार आणि तो न झाल्यास, लोकहितासाठी आवश्यक असेल तर, सरकारचा हस्तक्षेप अशी तरतूद आहे. हे सारे स्वागतार्हच. पण त्यात मालक दिसतो, कंपनी दिसते, सरकार दिसते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू ठळकपणे दिसत नाहीत. आणि आपल्या वर्गातले, बाहेरगावाहून शिकायला आलेले कित्येक विद्यार्थी तेच आहेत.

त्या दिवशी जोडणी करणाऱ्या तरुणाने शेवटी एक उपाय काढला. चारही मजल्यांच्या रहिवाशांना बोलावून प्रत्येक तार ओळखायला लावली. ज्यांना कोणी धनी निघाला नाही, त्या तारा कापून काढल्या. तासाभरात जिन्यात तारांचा ढीग झाला आणि डक्टमध्ये हात जाईल एवढी जागा निघाली. 'भाडेकरूंसाठी जागा नाही' असे आम्ही ज्या डक्टविषयी लिहिले होते, ते हेच.