पानात काय आणि पंगतीत कोण

दिवाळीचे पान वाढताना मीठ कोठे, लिंबू कोठे, कोशिंबीर कोणत्या बाजूस, याचे शास्त्र घरोघरच्या आजीबाईंना तोंडपाठ असते. पण शंभर-दीडशे वर्षांमागे याहून कडक शास्त्र निराळेच होते. शेजारच्या पानावर कोण बसणार? मांसमच्छीचा तंटा एक वेळ समजू शकतो. येथे तर वरणभातावरून, किंबहुना नुसत्या पाण्यावरून माणसे वाळीत पडत.

मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर प्रभृतींनी परमहंस सभा काढली. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही तेथली दीक्षा. सारे काही दाराआड! १८६०च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीस गेले आणि नावे फुटण्याच्या धास्तीने मंडळी पांगली. धाडस होते, पण आतून कडी लावलेले.

ती धास्ती खोटी नव्हती. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी घेतल्यासारखे केले. गोपाळराव जोश्यांनी नावे छापवून आणली मात्र, पुण्यात ग्रामण्य उभे राहिले! रानड्यांसारख्या न्यायमूर्तींनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याची ही किंमत.

दार उघडे टाकून जेवण्याचे दिवस पुढे आले. रत्नागिरीस भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली खुले झाले आणि तेथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजनांच्या पंगती उठू लागल्या. मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बजावले, की सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही. मिश्रविवाह हवेत, आणि जातीला आधार देणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्यच झुगारले पाहिजे. हे बोल कडू असले तरी खरे होते. एक दिवस मांडीला मांडी लावून जेवावे आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या आडावर जावे, असे पुष्कळ ठिकाणी झाले.

तरीही अनंत हरी गद्रे (१८९०–१९६७) यांची आठवण सणाच्या दिवसांत काढावीशी वाटते. 'निर्भीड'चे हे संपादक नाटककार होते आणि जाहिरातीच्या कलेतले मोठे जाणकार. लोकांच्या मनात गोष्ट कशी उतरते हे त्यांना नेमके कळे. त्यांनी सत्यनारायण मोडला नाही, उलटा केला. सव्वा मापाचा रवा, तूप, साखर यांचा शिरा गरिबाला कोठून परवडणार? म्हणून प्रसाद झुणका-भाकरीचा. बेसन, तिखट, मीठ, कांदा आणि ज्वारी-बाजरी. ज्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही, असे घराघरातले अन्न. नको म्हणणाऱ्याला अन्नाची सबबच उरत नसे. नको ते भाकरी थापणारे हात, हे उघडे पडे.

पूजा जुनीच ठेवली म्हणून हे काम अर्धवट, असे कोणी म्हणेल, आणि बाबासाहेबांच्या कसोटीवर ते अर्धवट होतेही. पण गद्रे पूजेला बसवीत ते अस्पृश्य मानलेल्या जोडप्याला, आणि त्यांचे पाय धुऊन तीर्थ घेत ते स्वतः. ज्यांना ओसरीची पायरीही बंद होती, त्यांच्यासाठी चौरंगापुढे यजमानाचा पाट मांडलेला असे.