देवीचं बोनं आलं कुठून?

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग 44 धरला की पैनगंगा ओलांडल्यावर आदिलाबाद येतं आणि त्याला चिकटूनच मावला. या मुलखात आषाढ-श्रावणात बाया पोचम्मा देवीला बोनम नेतात. हळदीकुंकवाने माखलेलं मडकं, आत दूध-गूळ घालून शिजवलेला भात, गळ्याशी कडुनिंबाचा डहाळा, वर दिवा.

हैदराबादची बोनालु, म्हणजे या बोनमांचा उत्सव, सगळ्यांना ठाऊक आहे. 1813 ची साथ, उज्जैनला गेलेल्या पलटणीतल्या सुरिटी अप्पय्याचा नवस, 1815 मध्ये सिकंदराबादला महाकाळीची स्थापना, 2014 मध्ये राज्य-उत्सवाचा दर्जा.

मला अडवलं ते शब्दाने. जुन्या मराठीत 'बोनें' म्हणजे अन्न, नैवेद्य. तेलुगूत बोनम, कन्नडात बोन. मूळ संस्कृत 'भोजन', इथवर वाद नाही. वाद पुढे आहे. सरळ मत असं की प्राकृतातून तिघींना हा शब्द वेगवेगळा मिळाला. मला ते पटत नाही. भक्त, भ्राता यांचे भात, भाऊ झाले. मराठीने 'भ' सोडला नाही. मग इथेच 'ब' कसा? कुणी 'बहीण' पुढे करील. पण 'भगिनी'तला हकार बहिणीत नुसता जागा बदलून बसलाय. 'बोनें'त तो औषधालाही नाही. असा हकार गाळणं ही द्राविडी जिभेची खूण. म्हणजे भोजन दक्षिणेत गेलं आणि बोनं होऊन आपल्याकडे परतलं.

कन्नडातून की तेलुगूतून? यादवांच्या दरबारातली कन्नडाची ऊठबस पाहता कन्नडाचा दावा तगडा आहे. तरी माझा कौल तेलुगूला. ज्वारी खाणारा आपला गावगाडा मरीआईपुढे मात्र दहीभात ठेवतो, तोही आखाडातच, कडुनिंबासकट. ही रीत तळ्यांच्या, भाताच्या तेलुगू मुलखातून आली असणार आणि भांड्याबरोबर नावही. 'आखाड' तळणाऱ्या पुण्या-मुंबईकरांना या महिन्याची ही बाजू बहुधा माहीतच नसते.

किनवट, माहूर, आदिलाबादकडच्या वाचकांनो, तुमच्या घरात आजी नैवेद्याला अजून 'बोनं' म्हणत असेल, तर गावाच्या नावासह जरूर कळवा.