स्वयंस्वीकृत बंधन (प्रायोगिक चित्रपट)

लेन्स, ध्वनी, रंग, स्थळ अशा एखाद्या साधनाचा वापर दिग्दर्शकाने चित्रीकरणाआधीच स्वतःहून मर्यादित करणे. १९७० च्या आगेमागे मुंबईत काम करणाऱ्या कलावंतांनी या पद्धतीचे ठळक नमुने घडवले. मणि कौल यांनी ‘उसकी रोटी’मध्ये (१९६९) छायालेखक के. के. महाजन यांच्यासह २८ आणि १३५ मि.मी. या दोनच लेन्स वापरल्या. चित्रकार अकबर पदमसी यांचा ‘सिझिजी’ (१९७०) हा सुमारे ११ मिनिटांचा कृष्णधवल मूकपट निव्वळ रेषा आणि आकृत्यांवर उभा आहे. प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘आबिद’मध्ये (१९७२) चित्रकार आबिद सुरती यांना सलग न टिपता एकेक चौकट करून टिपले.

पैशाच्या टंचाईलाच येथे शैलीचे नाव दिले जाते, असा आक्षेप घेतला जातो. वरील उदाहरणे त्याला पुष्टी देत नाहीत. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एका मिनिटाला १,४४० चौकटी लागतात. त्या एकेक करून टिपणे किंवा हाताने रेखाटणे हे सलग चित्रीकरणापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. मधल्या पल्ल्याची लेन्स टाळल्याने कौल यांचा खर्चही फारसा वाचला नसता. टंचाई परिस्थितीने लादलेली असते. बंधन हा कलावंताचा निर्णय असतो आणि अनेकदा तो महागच पडतो.

दुसरा आक्षेप असा, की प्रेक्षकाला नियम ठाऊकच नसेल तर त्याचा उपयोग काय? नियम कळला नाही तरी परिणाम दिसतो. २८ मि.मी. लेन्समध्ये माणूस आणि भोवताल दोन्ही स्पष्ट राहतात, १३५ मि.मी. लेन्स चेहऱ्याला भोवतालापासून तोडते. बसचालक नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बालोचे प्रत्यक्ष जगणे आणि तिच्या मनातले जग यांत कौल यांनी आधी या लेन्सची वाटणी केली, पुढे ती मुद्दाम उलटवली. सवयीची मधली नजर काढून टाकल्यामुळेच ही उलथापालथ जाणवते.

नियमाची फॅशन होऊ शकते, हा धोका मात्र खरा आहे. डेन्मार्कमध्ये १९९५ साली लार्स फॉन ट्रियर व थॉमस व्हिंटरबर्ग यांनी मांडलेल्या ‘डॉग्मा ९५’च्या दहा नियमांची पुढे ओळखचिठ्ठी झाली. म्हणून नियमांची संख्या किंवा कडकपणा ही कसोटी ठरत नाही. आशयातून उगवलेला एकच नियम पुरतो; बाहेरून चिकटवलेले दहाही व्यर्थ ठरतात.